दुर्बिणीत जे दिसलं

“दुर्बिणीत जे दिसते ते सांगजो. कमी नाही, जास्ती नाही,” असं म्हणून गावंडे सरांनी तिपाईचे पाय माझ्या उंचीला खाली केले आणि स्क्रू पिळून पक्के केले.

मी विचारलं, “सात लागला तर सात सांगू?”

“सात लागला तर सात. डावीकडे लागला तर डावीकडे. बाण जिकडे जाते, साइट तिकडे न्यायची. पहिल्या दिवशी शिकवलं तुम्हाले.”

“अन् मंजूषाचं मन, सर?”

“मन म्हणून काही नसते, सुनंदा. कोपर असते.”

एवढं बोलून सर मुलांच्या मैदानाकडे निघाले. तिथे त्यांच्या दोन पोरांचे सामने त्याच वेळी लागले होते आणि एका माणसाला दोन मैदानांवर उभं राहता येत नाही, म्हणून ती दुर्बीण माझ्याकडे आली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि सरांचं हे कोपराचं तत्त्वज्ञान मला अजिबात मान्य नव्हतं.

मार्च महिना होता. अमरावतीबाहेरचं उघडं मैदान, दुपारचा दीड वाजलेला. राज्याच्या संघात चार मुली जायच्या होत्या. तिघी ठरल्या होत्या, त्यांत तिसरी मी. चौथी जागा मंजूषा बोंडे आणि साताऱ्याची ऋतुजा जगदाळे या दोघींच्या सामन्यावर ठरणार होती. मंजूषा आणि मी प्रशिक्षण केंद्राच्या वसतिगृहात तीन वर्षं एका खोलीत राहत होतो. संघात नाव आलं तर तिची केंद्रातली जागा टिकणार होती. नाही आलं तर धनुष्य जमा करायचं आणि जूनमध्ये सामान बांधून मूर्तिजापूरला परत जायचं, असं तिला लेखी कळवलं होतं. ते पत्र तिने उशीखाली ठेवलं होतं. मी तिला म्हणायचे, अगं, त्याच्यावर झोपून काय ते उबणार आहे का, पण ती काढत नव्हती.

आम्हा दोघींचं गणित उलटसुलट होतं. मंजूषा धनुष्य ओढायला लागली की सर नवीन पोरांना तिच्यामागे उभं करायचे आणि म्हणायचे, बघा, खांदा असा, कोपर असं, हनुवटीखाली हात असा. चूक काढायला जागा नसायची. माझं कोपर मात्र पहिल्या वर्षापासून खाली पडायचं आणि सरांनी त्याच्यावर तीन वर्षं खर्च केली तरी ते पडतच राहिलं. तरीही मी संघात होते आणि ती नव्हती, कारण मी कशाला भीक घालत नसे. पाच लागला तर पाच, पुढचा दहा मारू, असा माझा खाक्या. फुशारकीवरच बाण जातो असं माझं प्रामाणिक मत होतं आणि ते मी जेवणाच्या पंगतीत सगळ्यांना ऐकवत असे.

मंजूषाला वाईट बातमी सोसायची नाही. आमच्या धनुष्यावर क्लिकर म्हणून एक पातळ पत्री असते. बाण तिच्याखालून ओढत आणायचा. बाणाचं टोक पुरेसं मागे आलं की पत्री निसटून टिक् असा आवाज करते आणि त्या आवाजावर बाण सोडायचा. मंजूषाला ‘सात, डावीकडे’ असं सांगितलं की पुढच्या बाणाला तिचा हात ऐन वेळी अडकायचा. बाण पत्रीच्या काठापर्यंत यायचा आणि दोन मिलिमीटर उरले की तिथेच थांबायचा. ती ओढत राहायची, दंड थरथरायला लागायचा, टिक् काही व्हायचं नाही. मग धनुष्य खाली, पुन्हा वर, आणि वरती घड्याळात एका बाणाचे चाळीस सेकंद पळत असायचे. उपांत्य फेरीत एकदा वेळ संपली आणि बाण तिच्या हातातच राहिला. एवढं असूनही सर म्हणायचे की तो कोपराचा दोष आहे, कोपर मागे फिरलं तर क्लिकर आपोआप पडतो, तू त्याची वाट बघू नको.

सामना बारा बाणांचा होता. चार फेऱ्या, प्रत्येकीत तीन बाण, दोघींनी आळीपाळीने एकेक मारायचा. सत्तर मीटरवरून आख्खं लक्ष्य अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं. बाण कुठे लागला ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून मागे दुर्बिणीवर कोणीतरी बसतं आणि सांगतं. त्या दिवशी आणखी एक नियम होता. खेळणाऱ्या मुलींनी लाइन सोडायची नाही. फेरी संपली की लक्ष्याकडे त्यांच्या वतीने दुर्बिणीवरची व्यक्ती जाणार, पंचांबरोबर गुण बघणार, बाण उपटून आणणार आणि शेवटी कार्डावर सहीही तीच करणार. फलकावर फक्त बेरीज लागणार. म्हणजे मंजूषाचे डोळे मीच होते आणि पायही मीच.

लाइनवर जाताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मले खरं सांगजो व.”

“तर काय खोटं सांगू?” मी म्हटलं. तेव्हा खरंच माझ्या मनात तसं काही नव्हतं.

पहिल्या दोन फेऱ्या सुरेख झाल्या. नऊ, आठ, नऊ. मग नऊ, नऊ, आठ. मी दुर्बिणीतून बघायचे आणि हळूच आकडा सांगायचे, ती मान हलवायची आणि पुढचा बाण घ्यायची. ऋतुजाची पहिली फेरी सत्तावीसची झाली आणि दुसरी पंचविसाची, म्हणजे दोघी बावन्नवर बरोबरीत. ऋतुजा उंच, शांत पोरगी होती. तिच्यामागे तिचे प्रशिक्षक दुर्बिणीवर होते आणि ते दर बाणानंतर तिला एकच शब्द बोलायचे. मला त्यांचा रागच आला, कारण त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

तिसऱ्या फेरीला वारा उठला. लक्ष्याच्या डोक्यावरची छोटी झेंडी आधी नुसती लोंबत होती, ती डावीकडे ताठ झाली. मंजूषाचा पहिला बाण आठात गेला, डावीकडच्या आठात. मी तसं सांगितलं. तिने मान हलवली नाही. पुढच्या बाणाला तिचा हात अडकला. मी दुर्बिणीतून डोळा काढून तिच्याकडे बघितलं तर दंडाची शीर उडत होती. धनुष्य खाली आलं. पुन्हा वर गेलं. घड्याळात सहा सेकंद उरले तेव्हा तिने बाण सोडून दिला, क्लिकर पडायच्या आधीच. पाच, वरती उजवीकडे, कुठल्या कुठे. तिसरा पुन्हा डावीकडच्या आठात. एकवीस. ऋतुजालाही वाऱ्याने सोडलं नाही, तिचे बावीस झाले. फलकावर लागलं त्र्याहत्तर आणि चौऱ्याहत्तर.

एक गुण. शेवटची फेरी. मी बाण उपटून आणले आणि तिच्या भात्यात ठेवले. तिचे ओठ कोरडे पडले होते. मी बाटली पुढे केली, ती तिने घेतली नाही.

“वारा दिसते मले,” ती म्हणाली. “साइट हलवू का?”

साइट म्हणजे धनुष्यावरचा नेम धरायचा ठिपका. तो स्क्रूने सरकवता येतो; डावीकडे सरकवला की पुढचा बाण उजवीकडे, म्हणजे मधे येतो. तिचा प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. दोन बाण डावीकडे गेले होते, झेंडी डावीकडे ताठ होती, सरांचं वाक्य माझ्या कानात होतं. पण मी तिचा चेहरा बघितला आणि मला वाटलं, आता हिला हो म्हटलं तर हिच्या डोक्यात एकच गोष्ट जाईल की काहीतरी चुकतंय. मग हात गोठणार. मग संपलं.

“साइटले हात लावू नको,” मी म्हटलं. “काही बिघडलेलं नाही. तू बस मार.”

“नक्की?”

“माह्यावर विश्वास हाये ना?”

तिने बाण लावला. मागे असलेली पहिली मारणार, असा नियम, म्हणून सुरुवात तिची होती. मी दुर्बिणीला डोळा लावला. टिक् ऐकू आलं, त्याबरोबर दोरीचा आवाज, आणि क्षणभराने लांबून बाण गवताच्या गादीत शिरल्याचा ठप्. लाल पट्टा. सात. मधल्या ठिपक्यापासून वीतभर डावीकडे, थेट आडव्या रेषेत.

मी डोळा काढला तेव्हा ती मान वळवून माझ्याकडे बघत होती. कधी नव्हे ते पूर्ण वळली होती. मला ते डोळे अजून आठवतात. बारावीच्या निकालाला लोक खिडकीसमोर असे उभे राहतात.

“दहा,” मी म्हटलं.

ती हसली. संबंध दिवसात पहिल्यांदा. खांदे खाली आले, मान सैल झाली, तिने हाताचा घाम पँटला पुसला. ऋतुजाने बाण मारला. मी तो बघितला, सात. म्हणजे अजून काही बिघडलं नव्हतं. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे इथे सांगून टाकते. सर त्यांच्या कोपराला घेऊन बसू देत, मी एका शब्दात पोरीला सोडवलं, असं मला वाटलं.

दुसऱ्या बाणाला ती जी उभी राहिली, तशी मी तिला तीन वर्षांत कधी बघितली नव्हती. धनुष्य वर गेलं, ओढलं गेलं, हनुवटीला आलं, टिक्, सुटलं. मध्ये कुठे थांबणं नाही, विचार नाही. मी दुर्बिणीत बघितलं. तो बाण पहिल्या बाणाला खेटून बसला होता. सात. वीतभर डावीकडे.

आता सांगायचं होतं. अजून एक बाण उरला होता. पण पहिल्याला दहा म्हटल्यावर आता दुसऱ्याला सात, डावीकडे, कसं म्हणायचं? ती माझ्याकडे बघत होती.

“बरोबर,” मी म्हटलं. “तसाच मार.”

तिने तसाच मारला.

ऋतुजाच्या प्रशिक्षकांनी तिला काहीतरी एक शब्द सांगितला, तिने साइटचा स्क्रू किंचित फिरवला आणि शेवटचा बाण आठात घातला. सात, सात, आठ, बावीस.

आम्ही दोघं, तिचे प्रशिक्षक आणि मी, पंचांच्या मागून लक्ष्याकडे चालत निघालो. सत्तर मीटर म्हणजे शंभरेक पावलं. मला ती मोजता आली असती इतकी लांब वाटली. लक्ष्यावर मंजूषाचे तीन बाण लालच्या डाव्या अंगाला असे जवळजवळ उभे होते की माझ्या एका पंजाखाली तिन्ही झाकले गेले असते. पंच म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “काय ग्रुप मारलाय पोरीनं. साइट का नाही हलवली मग?”

ऋतुजाच्या प्रशिक्षकांनी माझ्याकडे बघितलं. मी कार्डावर सात, सात, सात लिहिलेलं बघितलं, सही केली आणि तिन्ही बाण एकाच मुठीत धरून उपटले. चौऱ्याण्णव विरुद्ध शहाण्णव. एक बाण, फक्त शेवटचा बाण दहाला गेला असता तर ती एका गुणाने जिंकली असती. दुसऱ्याच्या आधी साइट हलवली असती तर प्रश्नच नव्हता. साइट जेमतेम तीन मिलिमीटर हलवायची होती.

परत येताना ती शंभर पावलं पुरली नाहीत, कारण मला काय बोलायचं ते ठरवायचं होतं.

ती मैदानाच्या कडेला, बाभळीच्या सावलीत, धनुष्याचे भाग सोडवत बसली होती. फलक तिने बघितला होता. एकवीस. तिने मान वर केली आणि विचारलं, “पहिला दहा होता ना व?”

इथे मी खरं सांगू शकले असते. पहिलं खोटं मी तिच्यासाठी बोलले होते, हे मी अजूनही म्हणते. त्या घटकेला खरं सांगितलं असतं तर ती मला बोलली असती, कदाचित जन्मभर बोलली नसती, पण गोष्ट तिथे संपली असती. मी घाबरले. कशालाही भीक न घालणारी मी, सतरा किलोचं धनुष्य ओढणाऱ्या एका किडकिडीत पोरीला घाबरले.

“दहा होता,” मी म्हटलं. “मग सहा. अन् पाच.”

“दुसऱ्याले तू बरोबर म्हटलं होतं.”

“तू बिथरशील म्हणून म्हटलं.”

तिने हातातल्या दोरीचा पीळ बघितला. मग म्हणाली, “मले तर वाटलं, चांगले सुटले. आतून एकदम मोकळं वाटलं होतं. असं कधी वाटलं नव्हतं.” दोरी गुंडाळत ती पुन्हा म्हणाली, “म्हणजे मले आतलं कळतच नाही तर.”

गावंडे सर घामाघूम होऊन मुलांच्या मैदानाकडून आले, त्यांनी फलक बघितला, मंजूषाकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं की काय झालं. मी तोंड उघडलं होतं. पण उत्तर तिनेच दिलं.

“सर, मी बिथरली शेवटी. सुनंदाची काही चूक नाही. माहं मनच कच्चं हाये.”

सर तिच्याजवळ उकिडवे बसले. मन म्हणून काही नसतं हे वाक्य मला त्या वेळी त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, अगदी मनापासून ऐकायचं होतं. ते म्हणाले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते नुसते बसले, कारण त्यांनी एकवीसची बेरीज बघितली होती, कार्ड बघितलं नव्हतं. कार्ड निवड समितीच्या फायलीत गेलं होतं.

जूनमध्ये मंजूषा गेली. जायच्या आधी तिने धनुष्य पुसून, दोऱ्या नीट गुंडाळून केंद्रात जमा केलं. मला म्हणाली, नॅशनलला दणका दे. मी गेले आणि बाविसावी आले. कोपर पडलं.

पुढे मी प्रशिक्षक झाले. गंमत म्हणजे कोपराचा आग्रह धरणारी. अकोल्याला मैदान मिळालं, पोरं जमली, काही राज्यापर्यंत गेली. दुर्बिणीवर बसले की मी सात म्हणजे सात सांगते, तोंडावर सांगते, पालक नाराज होतात तरी सांगते. लोक म्हणतात, मॅडम फार कडक. मंजूषाची लग्नपत्रिका आली होती, तेव्हा मी गेले नाही. ती दर्यापूरकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली, एवढं कळलं होतं. दिवाळीला एखादा मेसेज. तेवढंच.

आणि मग गेल्या वर्षी, अठरा वर्षांनी, एका रविवारी सकाळी ती मैदानावर आली. अंगाने भरली होती, केस पुढून पांढरे झाले होते. सोबत बारा वर्षांची पोरगी, गार्गी. आईसारखीच किडकिडीत. पोरीचं लक्ष आमच्याकडे नव्हतं, ती सरावाला उभ्या असलेल्या मुलींच्या हातांकडे बघत होती.

चहा आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मंजूषाने मुद्द्याला हात घातला. पोरीने सहा महिने धनुष्याचा ध्यास घेतला होता. शाळेत कोणीतरी प्रात्यक्षिक दाखवून गेलं, तेव्हापासून. घरात झाडूच्या काड्या उरल्या नव्हत्या.

“तूच सांग इले,” ती म्हणाली. “माह्यं तर ऐकत नाही. हे मनानं घट्ट असणाऱ्याचं काम हाये. आमच्या घरात ते नाही. मागच्या महिन्यात भाषणाले उभी राहिली अन् मधातच थांबली. माह्यावर गेली. मी इले म्हटलं, बाई, मले विचार, ऐन वेळी दहा मारून मग सहा अन् पाच मारणं काय असते ते. जलमभर जात नाही ते डोक्यातून. वर्गात तपासणीले साहेब आले तरी मले तेच आठवते.”

हे ती हसत हसत सांगत होती. शिक्षिकांना सवय असते, स्वतःची फजिती गोष्टीसारखी सांगायची. पण पोरगी हसत नव्हती. ती मान खाली घालून चपलेने माती उकरत होती. मला त्या पोरीची मान बघवली नाही.

मी उठले. “मंजू, चल माह्यासंगं,” म्हटलं.

मैदानावर थांबायची खूण केली, मुलींनी धनुष्यं खाली केली. मी भात्यातून तीन बाण घेतले आणि आम्ही तिघी चालत लक्ष्यापर्यंत गेलो. लक्ष्यापाशी मी मधल्या ठिपक्यावर अंगठा ठेवला, वीत मोजली आणि जिथे करंगळी टेकली तिथे एकामागून एक तिन्ही बाण हाताने दाबून रोवले. लालमध्ये, डावीकडे, खेटून.

“हे काय?” मंजूषाने विचारलं.

“तुह्यी शेवटची फेरी,” मी म्हटलं. “दहा नव्हता. सहा नव्हता, पाचही नव्हता. तिन्ही सात होते, असे. पहिल्याले मी खोटं सांगितलं. दुसऱ्यालेही. मग झाडाखाली अजून एक डाव खोटं बोलली.”

ती बाणांकडे बघत राहिली. वाऱ्याने बाणांच्या मागची पिसं हलत होती. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला बोलेल, आणि दोन्हीची मी तयारी केली होती. तिने हात पुढे केला आणि पंजा उघडून त्या तिन्ही बाणांवर ठेवला. तिन्ही झाकले गेले.

“क्लिकर तिन्ही वेळा पडला होता,” ती म्हणाली. मला विचारत नव्हती.

“पडला होता.”

“अन् मले मोकळं वाटलं होतं.”

“हो.”

“म्हणजे ते बरोबर होतं.”

मी मान हलवली. मला तिची माफी मागायची होती आणि माफीचा शब्द इतका लहान होता की तो काढायची लाज वाटली. तिने बाण एकेक करून उपटले. एका हाताने गादी दाबून, दुसऱ्या हाताने सरळ मागे ओढून, जसं सरांनी शिकवलं होतं तसं. उपटून झाल्यावर ते तिन्ही तिने माझ्या हातात न देता पोरीच्या हातात दिले.

“सरले माहीत होतं?”

“नाही. कोणालेच नाही.”

गावंडे सर जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तिने ते ऐकलेलं असावं, कारण पुढे काही विचारलं नाही. आम्ही परत चालत आलो. ती माझ्या एक पाऊल पुढे होती. मी तिच्या पाठीकडे बघत चालले होते आणि ती वळून काय म्हणेल याची वाट बघत होते. लाइनपाशी आल्यावर ती थांबली. पोरीचा खांदा धरून तिने तिला लाइनवर आडवं उभं केलं, पायांमधलं अंतर आपल्या पायाने नीट केलं, मग तिचं उजवं कोपर दोन बोटांनी धरून वर उचललं आणि मागे फिरवलं.

“असं,” ती तिला म्हणाली. “हे पडू द्यायचं नाही. बाकी काही नसते.”

मग माझ्याकडे वळली.

“पुढच्या रविवारपासून पाठवतो इले,” ती म्हणाली. “शिकव तू. तुले येते शिकवता. पण इच्या दुर्बिणीवर तू बसायचं नाही.”

गार्गी आता तेराची झाली. कोपर आईचं आहे. सामने असले की मंजूषा शाळेतून रजा काढून येते आणि तिपाई स्वतःच्या उंचीला लावून दुर्बिणीवर बसते. सात लागला तर सात सांगते, डावीकडे लागला तर डावीकडे. मी त्या दोघींच्या मागे दहा पावलांवर उभी असते. तिथून लक्ष्य नखाएवढं दिसतं आणि बाण कुठे लागला ते मला कोणीतरी सांगेपर्यंत कळत नाही.